जावावरचा मेजर

आपल्या मंडळातील पन्नाशी-साठी ओलांडलेल्या मंडळींना 'जावा' म्हटले की काय आठवते हे सांगायला नको. दोन्ही बाजूंना दोन सायलेन्सर, पेट्रोलच्या टाकीवर चकाकणारे क्रोम, आणि तीच दांडी किक मारायला व तीच गिअर बदलायला! मुंबईच्या रुस्तम आणि फारुख इराणी यांनी म्हैसूरला 'आयडियल जावा' हा कारखाना काढला आणि १९६१ साली तिथून गाड्या बाहेर पडू लागल्या. १९७३ पासून त्याच गाडीला 'येझदी' हे नाव मिळाले. १९९६ साली कारखाना बंद पडला. २०१८ मध्ये महिंद्र समूहाच्या साथीने जावा पुन्हा बाजारात आली आणि आता ती इंदूरजवळच्या पिथमपूरला तयार होते. एवढा इतिहास बहुतेकांना ठाऊक असतो. परंतु या जावाची एक सख्खी बहीण होती, जी आपल्या रस्त्यांवर कधीच आली नाही, हे फार थोड्यांना माहीत असेल. तिला ब्रेक नव्हते, दिवे नव्हते, हॉर्न नव्हता आणि ती पेट्रोलवर चालत नव्हती. तिच्यावर स्वार होऊन एका माणसाने सहा वेळा स्पीडवेचे आणि तीन वेळा लाँगट्रॅकचे जागतिक अजिंक्यपद मिळविले. त्याचे नाव आयव्हन मेजर.

इंग्रजी अक्षरांप्रमाणे वाचू गेल्यास हे आडनाव 'मॉगर' असे होईल. पण खेळाच्या मैदानावर सारे जण त्याला 'मेजर'च म्हणत. झाशीकरांच्या दृष्टीने 'मेजर' एकच, ते म्हणजे ध्यानचंद. त्यांच्या गावात दुसऱ्या मेजरची गोष्ट सांगणे हे थोडे धाडसाचेच! पण दोघांच्यात एक दुवा आहे. ध्यानचंद १९२६ साली भारतीय सैन्याच्या हॉकी संघाबरोबर न्यूझीलंडला गेले होते. त्या दौऱ्यात २१ सामन्यांपैकी १८ जिंकले, २ बरोबरीत सुटले आणि एकच हरला. १९३५ साली ते पुन्हा तिकडे गेले, या वेळी कर्णधार म्हणून. त्यानंतर चारच वर्षांनी, ४ ऑक्टोबर १९३९ रोजी, त्याच न्यूझीलंडमधील क्राइस्टचर्च गावी आपल्या या दुसऱ्या मेजरचा जन्म झाला.

आता हा खेळ काय आहे ते आधी सांगितले पाहिजे, कारण आपल्याकडे तो रुजलाच नाही. जत्रेतील 'मौत का कुआँ' आपण सर्वांनी पाहिला आहे. स्पीडवेची जातकुळी साधारण तीच, फक्त इथे विहिरीच्या भिंतीऐवजी सपाट मैदान आणि एकट्याऐवजी चौघे. साधारण ३०० ते ४०० मीटर लांबीची लंबगोल धावपट्टी असते, तिच्यावर बारीक खडीचा सैल थर पसरलेला असतो. चार स्वार, चार फेऱ्या, नेहमी डावीकडे वळत. सारा खेळ मिनिटभरात आटोपतो. पहिल्याला ३ गुण, दुसऱ्याला २, तिसऱ्याला १ आणि चौथ्याला भोपळा. गाडी ५०० सी.सी.ची, एका सिलिंडरची, फोर-स्ट्रोक, मिथेनॉल पिणारी. इंजिनात त्या काळी एरंडेलाचे वंगण वापरीत. एरंडेल जळाल्याचा तो गोडसर वास हीच या खेळाची ओळख मानली जाई. (आपल्याकडे एरंडेलाची ओळख वेगळ्या कारणाने आहे, ते असो!)

ब्रेक का नाहीत, असा प्रश्न वर्कशॉपमधील आपले सहकारी पहिल्यांदा विचारतील. उत्तर सोपे आहे. चौघे हातभर अंतरावर धावत असताना एकाने अचानक ब्रेक दाबला, तर मागचा त्याच्यावर चढणारच. त्यामुळे कोणालाच ब्रेक नाही, हीच सुरक्षितता. मग वळणावर गाडी आवरायची कशी? तर मागचे चाक मुद्दाम घसरवायचे. गाडी आडवी होते, मागचे चाक खडी उडवीत बाहेरच्या बाजूला सरकते, पुढचे चाक उजवीकडे वळविलेले, आणि गाडी मात्र डावीकडे वळते! डाव्या बुटाच्या तळाला पोलादी पत्रा ठोकलेला असतो, तो पाय जमिनीवर घासत तोल सांभाळायचा. बाकी सर्व हिशेब उजव्या मनगटात. थ्रॉटल जरा कमी झाला की चाक पकड घेते आणि स्वार कुंपणात. जरा जास्त झाला की गाडी गोल फिरून स्वार जमिनीवर.

लाँगट्रॅक हा त्याचाच थोरला भाऊ. धावपट्टी हजार मीटरपर्यंत लांब, जर्मनीत तर बऱ्याचदा घोड्यांच्या शर्यतीचेच मैदान. वेग ताशी दीडशे किलोमीटरच्या घरात. ब्रेक तिथेही नाहीत.

या खेळाचा वंश ऑस्ट्रेलियातून इंग्लंडात १९२८ साली पोचला आणि १९३६ पासून लंडनच्या वेम्बली मैदानावर त्याची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा सुरू झाली. दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडात या शर्यतींना अलोट गर्दी लोटे. कारखान्यातून सुटलेला कामगार बायकामुलांना घेऊन संध्याकाळी शर्यतीला जात असे. क्राइस्टचर्चसारख्या दूरच्या गावातील मुलांना तेव्हा दोन नायक मिळाले : रॉनी मूर आणि बॅरी ब्रिग्ज. दोघेही त्याच गावातून उठून इंग्लंडला गेलेले. मूर १९५४ व १९५९ साली, तर ब्रिग्ज १९५७, १९५८, १९६४ व १९६६ साली जगज्जेता झाला. त्यात मेजरची सहा पदे मिळविली तर एका गावाची बारा होतात! जगाच्या पाठीवर दुसऱ्या कोणत्या मध्यम आकाराच्या गावाने एखाद्या खेळात असे केले असेल तर ते मला ठाऊक नाही. हॉकीपुरते बोलायचे तर झाशीचे नाव घेता येईल.

गावचे दोन मुलगे परदेशी जाऊन जगज्जेते होतात हे पाहिल्यावर तिसऱ्यालाही आपण जावे असे वाटणारच. १९५७ साली, वयाच्या अवघ्या सतराव्या वर्षी, नुकतेच लग्न झालेल्या रे या आपल्या पत्नीसह आयव्हन बोटीने इंग्लंडला निघाला. लंडनच्या विम्बल्डन संघात त्याला जागा मिळायची होती. पण ती केवळ नावालाच मिळाली. मैदानावर पडेल ते काम करायचे आणि शर्यतीत कोणी आजारी पडला, कोणी जायबंदी झाला, तर संधीची वाट पाहायची. त्यात काळही उलटा फिरला होता. करमणूक कराचा बोजा आणि घरोघरी आलेला दूरचित्रवाणी संच यांनी स्पीडवेची मैदाने एकामागून एक बंद पडत होती. संघ थोडे, जागा त्याहून थोड्या. शिवाय या खेळात पगार नसतो. शर्यतीला उभे राहाल तेव्हा पैसे, आणि गुण मिळवाल तर आणखी पैसे. गाडी स्वतःची, तिची दुरुस्ती स्वतःची. उभेच केले नाही तर खाणार काय? दीड-दोन वर्षांत सतरा-अठरा वर्षांचे ते जोडपे परत फिरले.

आपण सारे पोटासाठी नाही तर बदलीमुळे मुलूख सोडून आलेले लोक. कोणी तीन पिढ्यांपूर्वी, कोणी रेल्वेत लागल्यावर, कोणी बी.एच.ई.एल.मध्ये. परमुलखात आल्यावर पहिली दोन वर्षे कशी जातात आणि 'जमले नाही' म्हणून गावी परतण्याची भीती काय असते, हे आपल्या वडीलधाऱ्यांना विचारावे. मेजरच्या चरित्रातील नऊ अजिंक्यपदांपेक्षा हे अपयशी परतणे मला अधिक मोलाचे वाटते. कारण क्राइस्टचर्चला मूर आणि ब्रिग्ज यांच्याशी त्याची तुलना होणारच होती. मूर विशीच्या आत विम्बल्डनचा तारा झाला होता. हा विम्बल्डनहून रिकाम्या हाताने आला होता.

त्यानंतरच्या चार-पाच वर्षांबद्दल लेखक मंडळी फारसे लिहीत नाहीत, तिथे बक्षिसे थोडी आहेत म्हणून. पण घडण तिथेच झाली. मेजर ऑस्ट्रेलियात गेला, ॲडलेड भागात राहिला आणि मिळेल त्या मैदानावर शर्यती करीत राहिला. लहान धावपट्ट्या, लांब धावपट्ट्या, चांगल्या, खराब, सर्व प्रकारच्या. लांब धावपट्टीवर वेगात गाडी स्थिर ठेवण्याची सवय त्याला इथेच लागली, आणि तिचे व्याज त्याने पुढे जर्मनीत वसूल केले.

इकडे इंग्लंडात १९६० साली 'प्रोव्हिन्शियल लीग' नावाने दुय्यम गावांची नवी साखळी सुरू झाली होती आणि मरू घातलेला खेळ पुन्हा जीव धरू लागला होता. तिचा एक प्रमुख चालक माइक पार्कर याने १९६३ साली मेजरला न्यूकॅसल संघासाठी बोलावले. म्हणजे लंडन नाही, तर कोळशाच्या खाणी आणि गोद्यांचे उत्तरेकडील गाव. मेजर दुसऱ्यांदा निघाला. त्याच वर्षी त्याने त्या साखळीतील सर्वोत्तम स्वाराची स्पर्धा जिंकली. पुढच्या वर्षी पुन्हा जिंकली, आणि त्या वर्षी न्यूकॅसल संघही साखळीत पहिला आला. १९६५ साली इंग्लंडातील सर्व संघांची मिळून एकच ब्रिटिश लीग झाली, आणि विम्बल्डनने ज्याला नीट उभे केले नव्हते तो आता विम्बल्डनविरुद्ध उभा राहू लागला.

१९६६ साली तो युरोपीय विजेता झाला आणि जागतिक अंतिम फेरीत चौथा आला. १९६७ साली वेम्बलीत तिसरा. १९६८ साली स्वीडनमधील गोटेनबर्ग येथे पंधरापैकी पंधरा गुण मिळवून पहिला! १९६९ साली वेम्बलीवर पुन्हा पहिला. आणि १९७० साली पोलंडमधील व्रोत्स्वाफ येथे पुन्हा पंधरापैकी पंधरा. सलग तीन वर्षे जगज्जेता होणे हे त्यापूर्वी कोणालाच साधले नव्हते.

या यशाचा दुसरा धनी म्हणजे त्याची गाडी. १९३० पासून तीसेक वर्षे स्पीडवेवर इंग्लंडच्या 'जॅप' इंजिनाचे राज्य होते. चेकोस्लोव्हाकियातील दिविशोव या छोट्या गावी यारोस्लाव सिमांदल नावाच्या स्वाराने १९४९ साली 'एसो' नावाचा कारखाना काढला; चेक भाषेत 'एसो' म्हणजे पत्त्यांतील एक्का. १९६४ साली हा कारखाना जावामध्ये विलीन झाला आणि एक्क्यावर जावाचे नाव आले. आपल्या म्हैसूरच्या जावाचे आणि या जावाचे माहेर एकच, पण स्वभाव भिन्न : आपली २५० सी.सी.ची टू-स्ट्रोक, बाजारहाट करणारी. ती ५०० ची फोर-स्ट्रोक, सरळ रस्त्यावर चालविताच येऊ नये अशी. १९७०च्या अंतिम फेरीपूर्वी दोन अमेरिकन चाहत्यांनी मेजरला शब्द दिला होता की तिसऱ्यांदा जिंकलास तर तुझी गाडी सोन्याने मढवून देऊ. तो जिंकला आणि त्यांनी शब्द पाळला. सोन्याचा मुलामा दिलेली ती जावा पुढे क्राइस्टचर्चच्या कँटरबरी म्युझियमपर्यंत पोचली.

मेजरपेक्षा अधिक धाडसी, अधिक प्रेक्षणीय स्वार त्याच्या काळात होते असे जाणकार म्हणतात, आणि त्यात तथ्य असावे. प्रेक्षकांना मागून येऊन तिघांना ओलांडणारा आवडतो. मेजरला मागे राहणेच मान्य नव्हते. फीत वर उडताच पहिल्या वळणावर पहिला पोचायचे, मग बाकीच्या तिघांनी त्याच्या चाकाची खडी खात बसावे! त्यासाठी तो सुरुवातीच्या त्या अर्ध्या सेकंदाची तयारी तासन् तास करी. कोणत्या मैदानावर कोणत्या जागेपासून पकड मिळते, पाणी मारल्यावर किती वेळाने माती सुकते, याचा त्याचा अभ्यास असे. त्याची गाडी धुऊन पुसून लख्ख असे. ज्या काळात बहुतेक स्वार तेलकट चामड्याच्या पोशाखात कशीबशी वेळ गाठीत, त्या काळात हा माणूस कारखान्याचा फोरमन असावा तसा वक्तशीर येई. कोणी त्याला 'यंत्र' म्हणे, त्यात कौतुकही होते आणि टोचणीही. मला वाटते, पहिल्या खेपेला ज्याला संधीच मिळाली नाही, तो पुढे मिळालेली एकही संधी नशिबावर सोडत नाही.

१९६९ साली तो मँचेस्टरच्या बेल व्ह्यू संघात गेला आणि त्याच्या काळात या संघाने १९७०, १९७१ व १९७२ असे सलग तीन वेळा साखळीचे विजेतेपद मिळविले. पुढे एक्झिटर संघात गेला, त्यांनी १९७४ साली तेच केले. बेल व्ह्यूचा पीटर कॉलिन्स त्याच्या तालमीत वाढला आणि १९७६ साली जगज्जेता झाला. डेन्मार्कचा ओले ओल्सन तर न्यूकॅसलला त्याच्याच प्रशिक्षण वर्गात शिकलेला. याच ओल्सनने १९७१ साली गोटेनबर्गला पंधरापैकी पंधरा गुण घेऊन गुरूला दुसऱ्या क्रमांकावर ढकलले! चौथे सलग पद हुकले ते शिष्यामुळे.

पण त्याच १९७१ साली लाँगट्रॅकची पहिली अधिकृत जागतिक स्पर्धा ऑस्लो येथे झाली आणि ती मेजरने जिंकली. १९७२ साली जर्मनीतील म्युलडॉर्फ येथे पुन्हा. त्याच वर्षी वेम्बलीवर स्वीडनच्या बेर्न्ट पेर्सनबरोबर गुण सारखे झाले, तेव्हा झालेली निर्णायक शर्यत जिंकून त्याने स्पीडवेचे चौथे पद घेतले. एकाच वर्षी दोन्ही! आठवडाभर इंग्लंडात साखळी सामने आणि रविवारी गाडी घेऊन युरोपात लांब धावपट्टीवर, असा त्याचा क्रम असे.

१९७३ सालची अंतिम फेरी पोलंडमधील खोझूफ येथे होती. सिलेसिया भागातील खाणकामगारांचे ते प्रचंड मैदान, लाखाहून अधिक प्रेक्षक. सर्व शर्यती संपल्या तेव्हा मेजर आणि पोलंडचा येझी श्चाकेल दोघांचे तेरा-तेरा गुण. श्चाकेलचे नाव शर्यतीपूर्वी विजेत्यांत कोणी धरले नव्हते. निर्णायक शर्यतीत श्चाकेल पुढे निघाला. मागे राहणे ठाऊक नसलेला मेजर आत घुसू गेला, त्याच्या पुढच्या चाकाचा श्चाकेलच्या मागच्या चाकाला स्पर्श झाला आणि मेजर खाली पडला. पोलंडला पहिला जगज्जेता मिळाला. एखाद्या विजेत्याचे वय पस्तिशीकडे झुकू लागले असताना असे पडणे म्हणजे उतरणीची सुरुवात, असेच कोणीही म्हटले असते. १९७४ साली तो पुन्हा दुसराच आला. लाँगट्रॅकवर १९७६ साली मारियान्स्के लाझने येथे, म्हणजे जावाच्याच देशात, तिसरे पद मिळाले खरे; पण स्पीडवेचे पाचवे काही हाती लागेना.

ते लागले १९७७ साली, गोटेनबर्गच्या मुसळधार पावसात. मेजर सदतीस वर्षांचा होता. चौदा गुण त्याचे, तेरा कॉलिन्सचे. कॉलिन्स त्या रात्री पायाच्या गंभीर दुखापतीसह उभा राहिला होता, हेही नमूद केले पाहिजे. पाय धड असता तर निकाल काय लागला असता यावर इंग्लंडातील जुने शौकीन पुढे वर्षानुवर्षे वाद घालीत राहिले. पाचवे पद मिळवून मेजरने स्वीडनच्या ओव्हे फुंडीनशी बरोबरी केली.

आणि मग २ सप्टेंबर १९७९. मैदान तेच, खोझूफ. सहा वर्षांपूर्वी जिथल्या मातीत पडला होता तिथे, चाळिसावे वर्ष पूर्ण व्हायला जेमतेम महिना उरला असताना, चौदा गुण मिळवून तो सहाव्यांदा जगज्जेता झाला. दुसरा आला पोलंडचाच झेनॉन प्लेख. त्याच वर्षी न्यूझीलंडने सांघिक विश्वचषकही जिंकला. त्यापूर्वी मेजर ग्रेट ब्रिटनच्या संघातून हा चषक जिंकला होता, कारण त्या काळी राष्ट्रकुलातील स्वार ब्रिटनकडून उभे राहत. स्वतःच्या देशाच्या नावाने तो चषक हाती यायला मात्र एकोणचाळिसावे वर्ष उजाडावे लागले.

पुढे ब्रिटिश सरकारचे दोन किताब मिळाले, १९७६ चा एम.बी.ई. आधीच होता, १९८९ साली ओ.बी.ई. मिळाला. उतारवयात तो ऑस्ट्रेलियातील गोल्ड कोस्ट येथे स्थायिक झाला, म्हणजे गावी परतलाच नाही म्हणायचे. अखेरच्या वर्षांत स्मृतिभ्रंशाने त्याला गाठले, आणि १६ एप्रिल २०१८ रोजी, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी त्याचे निधन झाले.

सहा पदांच्या विक्रमाची बरोबरी पुढे स्वीडनच्या टोनी रिकार्डसनने २००५ साली केली आणि पोलंडच्या बार्तोश झ्मार्झलिकने २०२५ साली. त्यामुळे तिघांत श्रेष्ठ कोण, हा वाद रंगतो. एक फरक मात्र ध्यानात ठेवावा. १९९५ पासून हे अजिंक्यपद हंगामभर चालणाऱ्या अनेक फेऱ्यांच्या गुणांवर ठरते. एखाद्या फेरीत घसरलात तर पुढच्या फेरीत भरून काढता येते. मेजरच्या काळी वर्षभराच्या चाळणीतून सोळा जण उरत आणि एकाच रात्री, प्रत्येकी पाच शर्यतींत, सारे ठरे. इंजिन एकदा बंद पडले, चाक एकदा घसरले, की पुढच्या वर्षी या! उलट आजच्या स्वाराला महिनोन् महिने सातत्य राखावे लागते, हेही खोटे नाही. माझे मत विचाराल तर मी मेजरच्या बाजूने आहे. पण पोलंडमध्ये जाऊन हे बोलण्याची माझी तयारी नाही.